अकरा मिनिटं

मुहर्रकच्या ह्या घरात पूर्वी मोती तोलायचे.
आता खुर्च्या मांडतात,
आणि हवा माझ्याकडे असते.

आदल्या दिवशी कुराता बाई आल्या, नागोयाहून,
माणसाएवढी पेटी घेऊन. पेटीत तेरा तारांचं लाकूड.
त्याला म्हणे फार ओल सोसत नाही.
बासरीवाले साहेब इथलेच, सित्र्याच्या रिफायनरीतले.
त्यांच्या बांबूला कोरडं सोसत नाही, तडकतो.
मी म्हटलं, म्हणजे नवराबायकोच.
दुभाष्यानं सांगितल्यावर दोघं हसली,
एकदम नाही,
आधी बाई, मग जरा थांबून साहेब.

पंचावन्न टक्के, असं कागदावर लिहून दिलं.
बाहेर ऑगस्ट. समुद्र भिंतींतून पाझरत होता.
रात्रभर मी हवा तोलत बसलो,
थोडी काढ, थोडी घाल,
ह्याच खोलीत कुणी बसत असेल तसा.

बांबू मुळाकडचा होता.
तुटलेल्या मुळ्यांचे फोड अंगावर तसेच.
आमच्या गावी असला तुकडा
कुंपणात जातो, नाहीतर चुलीत.

राखणदार जुम्आ पहिल्या रांगेत बसला.
त्याचा आजा मोत्यांसाठी बुड्या मारायचा.
जपान्यांनी शिंपल्यांची शेती केली
आणि आज्याचा धंदा बसला,
हे तो मला दर रमजानात सांगतो.
आज इस्त्रीचा झगा घालून आला होता.

शेवटच्या रचनेआधी बाई वळल्या.
तोरसुकारु-सान, म्हणाल्या, आवाज.
कुठला आवाज?
सतरा वर्षांत मला तो ऐकू येईनासा झाला होता.
माझंच मशीन.
किती वेळ? अकरा मिनिटं.
मी खटका पाडला.

आधी काहीच झालं नाही.
मग तिनं एक तार छेडली
आणि डाव्या हातानं दाबली, सूर गेल्यावरही दाबून धरली,
निघालेल्या पाहुण्याची पिशवी धरून ठेवावी तशी.
तो तिच्याबरोबर आला नाही. मागून आला,
आधी नुसता वारा, फटीतून यावा तसा,
कधीतरी त्यात सूर होता.
मला वाटलं, चुकतायत.
भजनात बसलेला माझा हात मांडीवर
समेची वाट बघत राहिला.
सम आलीच नाही, किंवा येऊन गेली.

सातव्या मिनिटाला दोघं थांबली.
माणसं घामानं भिजलेली, पंखासुद्धा कुणी हलवेना.
आणि माझ्या ट्रेमधून
थेंब पडला.

एवढ्या मोठ्यानं पाणी पडताना मी ऐकलं नव्हतं.
मान खाली घातली. नोकरी गेली, हे धरलं.
साहेबांनी डोळे उघडले नाहीत.
थांबले.
दुसरा थेंब पडला,
आणि तो विरायच्या आत तिनं
सगळ्यात जाड तार सोडली.

टाळ्या संपल्यावर मी मशीन लावलं.
साहेब कोपऱ्यात बांबूतून रुमाल ओढत होते.
टोकाकडून फरशीवर पाणी ठिबकलं, चार-पाच थेंब,
त्यांच्याच श्वासाचं.
मी पोतेरं घेऊन वाकलो. तेही वाकले.
ट्रेबद्दल कुणी काही विचारलं नाही.

माझ्या वहीत दोन्ही पाण्यांना एकच शब्द आहे, कंडेन्सेट.
त्या तारखेपुढे तेवढंच लिहिलंय.
ट्रे रविवारी बदलला, बदलावाच लागतो.
जुना गच्चीवर ठेवलाय.
जुम्आ त्यात कबुतरांना पाणी घालतो.