तिसरं टेबल

सत्त्याऐंशी साली मला बोलावलं
तेव्हा कार्यक्रमाला नावही नव्हतं.
शाळेतून मागून आणलेली तीन टेबलं,
आणि गरुडसर म्हणाले, खळदकर,
जो आधी दाबेल त्याचाच दिवा लागला पाहिजे,
बाकीचे दोन मुके.
मी म्हटलं, होईल.
पासोड्या विठोबाजवळ रिले मिळतात,
दारावरच्या बेलची बटणं मिळतात.
साठ रुपयांत न्याय करून दिला.

नाव त्यातूनच पडलं : 'दिवा कुणाचा?'
शनिवारी साडेसातला सर एवढंच विचारायचे
आणि नळ स्टॉपपासून नाना पेठेपर्यंत
हातातली फोडणी हातात राहायची.

बत्तीस वर्षं चाललं.
मला ती बक्षिसांवरून आठवतात.
आधी स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरून.
मग कुकर. मग मिक्सर
(एक विजेते काका सोमवारी तो परत घेऊन आले,
म्हणाले, आवाज फार करतो, रोख देता का).
मग दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक,
रिक्षात न मावणारा;
एका मुलीने तो डोक्यावर धरून
अलका चौकापर्यंत चालत नेला, उन्हातून.
शेवटी शेवटी नुसता मोबाईलवर आकडा.

सर प्रश्न लिहायचे पाठकोऱ्या लग्नपत्रिकांवर.
सर गेल्यावर चार पर्याय आले,
आणि पर्याय आले तशी
'माहीत नाही' म्हणायची सोय गेली.
नवा सूत्रधार उत्तराआधीच टाळ्या मागायचा.
माझा रिले मात्र कुणी बदलला नाही.
बदलला असता तर बरं झालं असतं.

अठ्ठ्याण्णवची अंतिम फेरी.
तिसऱ्या टेबलाला शालन ढमढेरे,
भवानी पेठ, घरी शिवणकाम.
गुण सारखे. शेवटचा प्रश्न :
शनिवारवाड्याला दरवाजे किती?
पहिल्या टेबलाचा दिवा लागला. पाच. संपलं.

रात्री वायरी गुंडाळताना
तिसऱ्या बटणाची तार हातात आली,
तुटलेली, निवांत.
मी डाख दिला,
तारेला आणि स्वतःच्या तोंडाला.

एकोणीस साली कार्यक्रम बंद झाला, सामान भंगारात गेलं.
रविवारी जुन्या बाजारात,
तोट्या आणि घड्याळाच्या पट्ट्यांत,
मला माझं बटण दिसलं. लाल.
तो चाळीस म्हणाला, मी दहा.
पंधराला सुटलं.

पत्ता काढत कात्रजला गेलो.
चौथा मजला, लिफ्टला कुलूप.
शालनबाईंनी आधी पाणी दिलं,
मग मी ते बटण चहाच्या ट्रेमध्ये ठेवलं
आणि एकवीस वर्षांचं सगळं सांगितलं.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, तुटलं होतं?
खरंच तुटलं होतं?
अहो, मी दाबलंच नव्हतं.
बोट नुसतं टेकवलं होतं.
माझ्या मोजणीत चारच येत होते
आणि टीव्हीवर चुकायचं म्हणजे...
घरी सांगितलं, बटण चाललं नाही.
सासरे मरेपर्यंत तुमच्या कार्यक्रमाला शिव्या देत होते.
मला वाटायचं, आपल्या खोट्यापायी
कुणा गरीब वायरमनची नोकरी गेली असेल.

आणि पदर तोंडाला लावून
त्या इतक्या हसल्या
की आतून सून बघायला आली.

जाताना त्यांनी बटण ठेवून घेतलं.
दारात मोजत होत्या, बोटांवर :
दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश...
पाचवा कुठला हो?

मला येत होतं.
दाबलं नाही.