सातवं कडं

बरक्याच्या नर्सरीतून दाऊद परकार आला, भर दुपारी,
लबनच्या रिकाम्या डब्यात ओला काथ्या घेऊन.
"बाई, अरबाब म्हणतो फवारून टाक.
मी म्हटलं, आधी कळू तर दे कोण आहे."

झाकण काढलं. कडू बदामाचा वास.
गण तेवढा नाकानंच सांगितला.

काथ्या कुठला?
"पोत्यावर कोलंबो आहे. मधे कुठं कुठं भरला
अल्ला जाणे.
आमच्या दापोलीकडं याला पैसा म्हणतात,
बोट लावलं की वेटोळं, रुपयाएवढं."

हा नाही होत पैसा.
पाठ सपाट, दोन्ही अंगांना पाखे उतरलेले,
पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात तसे.
डोळे नाहीत. मिटलेले नव्हेत, नाहीतच.
कडी वीस.
वासाची छिद्रं पाच, सात, नऊ, दहा, बारा, तेरा,
पुढे पंधरापासून एकोणीसपर्यंत सलग.
असला पाढा कुठल्या मास्तरनं घोकून घेतला असेल!

इथवर सगळ्या गोतावळ्याचं सारखंच.
प्रजाती ठरते सातव्या कड्याखाली:
नराचे तिथले पुढचे पाय चालणं विसरून
आकडे झालेले असतात,
क्रोशाच्या सुईसारखे, पण काटे असलेले,
आणि पुस्तकं फक्त त्या काट्यांविषयी बोलतात.

भिंगाखाली उलटा केला.
सातव्याखाली पायच. दोन जोड्या, साध्या, चालायच्या.
हा नव्हे, ही.
दुसरी घेतली. पायच.
डब्यात नऊ होत्या, नवाच्या नऊ माद्या.

"मग नाव काय लिहिणार?"
"नर मिळाल्याशिवाय नाव लागत नाही."

दाऊद हसला, मग गप्प झाला.
त्याचं लक्ष नव्हतं, मीच बघितलं
टेबलावर पडलेल्या माझ्या रेसिडेंट कार्डाकडे.
नवऱ्याच्या नोकरीवर उभं आहे ते.
तेरा वर्षं दरवेळी त्याच्याच सहीनं वाढतं.

पेन्सिलीनं चिठ्ठी लिहिली, शाई अल्कोहोलात उतरते.
बरका. काथ्याचं पोतं. वेचणारा दा. परकार.
माद्या, आठ.
प्रजातीपुढे एक रेघ ओढली,
जरा लांबच गेली.

नववी मी डब्यातच राहू दिली.
"रात्री ठिबक सुरू झालं की बॅटरी घेऊन बघतो,"
तो झाकण सैल लावत म्हणाला,
"असला एखादा नर तर."

फवारणी रविवारी आहे.