नळीत नळी

तिसऱ्यांदा आले भूपाल मगदूम,
हुपरीहून, रात्री पावणेतीनला,
शेजाऱ्याच्या टेंपोत आडवे.
पहिल्यांदा पित्त ठरलं होतं, दुसऱ्यांदा गॅस.
आज केसपेपरवर कुणीतरी लिहून मोकळं झालेलं:
तांबडा रस्सा, जास्त प्रमाणात.
"आम्ही जैन हाय, मॅडम," त्रिशलाताई म्हणाल्या,
आणि तेवढ्यातही त्यांना हसू फुटलं.

दुखतं कसं?
"येतंय आन् जातंय.
आलं की कोण धोतर पिळतंय जणू.
गेलं की वाटतंय,
आपण खोटंच बोललो का काय."

ही ओळ आधीच्या दोन्ही कागदांवर नव्हती.

पोटावर गार जेल. पित्ताशय स्वच्छ.
मूत्रपिंडं जागच्या जागी.
उजव्या अंगाला जरा दाबलं, तर
पडद्यावर कड्यात कडं, कड्यात कडं.
लहान मुलांत पाहिलं होतं मी हे.
बावन्न वर्षांच्या माणसात
फक्त तोंडी परीक्षेत, एका मार्कासाठी,
आणि तो गेला होता.
प्रोब उचलला. पुसला. पुन्हा ठेवला.
जाग्रणाचे डोळे असतील,
हलेल, विरेल, म्हणून थांबले.
कडी तिथंच.

डॉक्टर इंगवले फोनवर: "खात्री आहे?"
नाही, म्हटलं. पण या.

पहाटे पोट उघडलं.
लहान आतडं मोठ्याच्या आत शिरलेलं,
आणि शेंड्याला चरबीची एक गाठ,
सुपारीएवढी, मऊ, कुणाचं वाईट न चिंतणारी.
आतड्याला तो घास वाटला.
ते पुढं ढकलत राहिलं, त्याचं कामच ते,
आणि ढकलता ढकलता
स्वतःलाच गिळत गेलं.

सहाव्या दिवशी मगदुमांनी फोटो मागितला.
उजेडाकडं धरून बघितला बराच वेळ,
चांदीचा कस बघावा तसा.
मग औषधाच्या दोन चिठ्ठ्यांची सुरळी केली,
एकीत एक सरकवली.
"पैंजणाची नळी अशी आत बसली ना,
ओढून निघत न्हाई. कापावीच लागती.
आधी दाखवला असता तर मीच सांगितलं असतं की."

मी डिस्चार्ज लिहीत होते.
त्रिशलाताई वाकून बघत म्हणाल्या,
"पथ्यात तेवढं घाला, मॅडम,
तांबडा रस्सा बंद."