साय खालच्या अंगाला

चेंडके सर फळ्यावर एक तोंड काढायचे,
आभाळाकडे वासलेलं, लाल खडूच्या ठिणग्यांसकट.
खाली लिहायचे: लोणार. मृत ज्वालामुखी.
आम्ही उतरवून घ्यायचो.

मी एकदा पेपरात लिहिलं,
वरून काही पडलेलंही असू शकतं.
दोन मार्क गेले.
समासात लाल शाईनं एकच शब्द: पुरावा?

पुरावा दाखवला झिंगराजी धोत्र्यांनी.
अक्षर ओळखत नव्हते,
डावा अंगठा चिखलीकडच्या एका विहिरीत
सुरुंगाची वात आखूड पडली तेव्हा राहिलेला.
आमच्या सहलीत दगड फोडून द्यायला
रोजानं आले होते.

विवराच्या काठावर घण टेकवून
ते कितीतरी वेळ नुसते बघत राहिले.
"पोरी, इथं काहीतरी उलटं हाये."

शिलारस थिजताना वाफ वर चढते,
बुडबुडे माथ्याला गोळा होतात,
म्हणून थराचं डोकं जाळीदार, बूड घट्ट.
हे मी पुस्तकात वाचलं होतं.
त्यांनी पहारीनं वाचलं होतं.
"चाळीस वर्सं विहिरी खंदतो मी.
दुधावानी असते पाय, साय वरतंच धरते.
इथं साय खाली गेली.
मंग भगुनं पालथं केलं कोनं?"

मी थराखाली हात घातला.
बोटांना भोकं लागली, खालच्या अंगाला,
एकात कुंभारीण माशीनं घर केलेलं.
"सुरुंग भरला का कड अशीच पलटते,
गोधडी बाहीर फेकल्यावानी."

सरांना सांगितलं.
सर म्हणाले, सुरुंग खालूनच असतो ना?
ज्वालामुखीही फुटतो.
आणि तेही खरंच होतं.

मग तळ्याच्या तळातून ड्रिलनं काढलेला
एक तुकडा आला, सुपारीएवढा.
मी तो घासला. तीन दिवस.
काचेवर चिकटवून, केसाहून पातळ,
खालचं अक्षर दिसेल इतका.

सूक्ष्मदर्शकाखाली, दोन चाळण्यांमधल्या उजेडात,
आपल्या काळ्या पत्थरातला पांढरा कण फिरवला
की एका फेरीत चार वेळा डोळे मिटतो,
चार वेळा उघडतो.
हा उघडेना.
कडा शाबूत, कोपरे शाबूत,
अंगलट जशीच्या तशी,
आणि आत फक्त काच.
वितळला नव्हता. वाहिला नव्हता.
उभ्या जागी, घाव बसला त्या क्षणात,
आपली सगळी वीण विसरला होता.

आगीला हे येत नाही.
आग सवडीनं काम करते,
कडा खाते, कोपरे गोल करते, ओघळते.

सरांनी तबकडी फिरवली.
पूर्ण एक फेरी. अंधार.
मग उलटी.
चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला,
पुन्हा लावला, पुन्हा फिरवली.
पंख्याचा तेवढा आवाज येत होता.
"चहा सांगा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तोंड नव्हतं.
डफर नीट फिरलं नव्हतं, मात्र,
लाल ठिणग्या पुसट उरल्या होत्या
आणि त्यांच्यावरच सरांनी
कडा बाहेर वळलेली एक परात काढली.
माझ्याकडे पाहिलं नाही.
ते दोन मार्क मागायचे राहून गेले.

झिंगराजींना सांगायला मी मुद्दाम
मेहकरच्या फाट्यावर उतरून गेले.
ते कोणाच्या तरी विहिरीवर, कमरेइतके आत.
ऐकून घेतलं. विचारलं,
"मंग मारनारा दगड कुठी हाये?"
म्हटलं, बराचसा वाफ होऊन गेला असणार,
उरला असला तर कणाकणात.
"हं," म्हणाले. वर चढले, अंग झटकलं,
तंबाखू मळली, चारच बोटांनी,
आणि आयुष्यभर पाणी शोधलेल्या माणसानं
निकाल दिला:

"येवढी मोठी विहीर, एका घावात.
अन् पानी लागलं खारं."