चार वाजेपर्यंत हात लावायचा नाही

पुन्त्साग सकाळीच आला.
ट्रकच्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून,
बुरणुसात गुंडाळलेला कॉम्प्युटर.
बायको मागे, जुन्या ट्यूबांवर.

मांडलगोवीत उणे एकोणतीस.
मी म्हटलं, ठेवा तिथे, शेगडीपासून लांब.
आता चार वाजेपर्यंत हात लावायचा नाही.

त्याने टोपी काढली, परत घातली.
बत्तीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस.
इंजिन गोठलं की खाली शेणी पेटवायच्या,
तेल पातळ झालं की हँडल मारायचं.
बंद पडलेल्या वस्तूकडे नुसतं बघत बसणं
त्याला शिवीसारखं लागलं.

मी पत्र्यावर बोट फिरवून दाखवलं: ओलं.
थंडीतून आत आलेल्या लोखंडाला घाम फुटतो,
आतल्या पट्ट्यांनाही फुटला असेल.
आत्ता वीज दिली
तर नुसतं रुसलंय ते मरून जाईल.

त्याआधी दोन दिवस फोनवर चाललं होतं.
वायर काढा. लावा. दुसऱ्या भोकात लावा.
दिवा लागतो?
कुठला?
कुठलाही.
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच,
आणि त्याच्याकडे उंटही आहेत, शेळ्याही,
त्यामुळे हसायचं कोणी ते ठरेना.

मीठ घातलेला दुधाचा चहा झाला. दुसरा झाला.
आत काय आहे, मी विचारलं.
तिचं आहे, तो म्हणाला, हिशेब.
कुठल्या शेळीची किती लोकर, नऊ वर्षांची.
वही होती आधी.
वही शेळीने खाल्ली.
खान्द भिंतीकडे बघून हसली. बोलली नाही.

चार वाजले. झाकण काढलं.
आत आख्खा हिवाळा काजळून बसलेला,
कोळशाची काळी साय पंख्यावर.
दाढीच्या ब्रशने झाडलं.
मेमरीच्या पट्ट्या उपसून
मुलीच्या खोडरबराने पिवळे दात घासले,
एकच बसवून पाहिली, मग दुसरी.
नाण्याएवढी बॅटरी बदलली.
सप्लाय सुटा केला, हिरव्या तारेला काळी
टाचणीने जोडली, तर पंखा गरगरला.
म्हणजे धुगधुगी होती.
सगळं परत जागच्या जागी.
बटण दाबलं.

काही नाही. टिक्‌सुद्धा नाही.

मदरबोर्ड गेला, असं म्हणायला
मी तोंड उघडलंच होतं.
तशी खान्द उठली, चष्मा सावरत आली
आणि बटणावर तर्जनी ठेवून म्हणाली,
हे आत जातं, पण खाली टेकतच नाही.
डिसेंबरपासून. कडेला नख लावून दाबावं लागायचं.
मग नखानेही भागेना.

याला सांगितलं होतं, ती म्हणाली.
पुन्त्साग चहात बघत राहिला.
आणि मी दोन दिवस
ज्याने ते बटण कधी दाबलंच नाही
त्याला विचारत होते.

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दोन पिनांवर टेकवलं, क्षणभर.
एक बीप. बारीक, निरोगी.
मग पडद्यावर शेळ्या आल्या,
रांगेने, कानाच्या खुणांसकट,
काळी डावा कान चिरलेली, तीनशे दहा ग्रॅम.

रिसेटची वायर काढून
त्या दोन पिनांवर बसवली.
आजपासून छोटं बटण दाबायचं, मी सांगितलं, खान्दला.
तिने एकदा दाबून बंद केलं, एकदा चालू.
पुन्हा बंद. बरं, म्हणाली.

किती झाले?
सुटा भाग लागला तो एका बॅटरीचा, तीही उगाच.
आठ तासांची वाट आणि एक न विचारलेला प्रश्न,
त्याचा दर माझ्या पाटीवर नाही.
खान्दने टेबलावर सुक्या दह्याचे खडे ठेवले, मूठभर.
दगडासारखे. अजून एक चघळतेय.

जाताना पुढे ती बसली, कॉम्प्युटर मांडीवर.
पट्टा दोघांना पुरला नाही.
घरी गेल्यावर? तिने काच खाली करून विचारलं.
पुन्हा तेवढाच वेळ, मी म्हटलं.
पुन्त्सागने हं केलं आणि किल्ली फिरवली.
ट्रक खोकला, गप्प झाला.

या वेळी मी आधी तिला विचारलं.