चौथी नि पाचवी

पहिल्या चौकटीत फक्त धक्का.
नार्व्याचा, ओहोटीचा, शेवाळल्या पायऱ्यांसकट.
माणूस नाही. मला घाई नव्हती.

दुसरीत फेरीबोट, समोरून,
जबडा उघडून येणाऱ्या मगरीसारखी,
आणि तिसरी आडवी, पानभर रुंद:
नदी. नुसती नदी.
तिला सतरा रेघा लागल्या, पैकी नऊ मी खोडल्या.

चौथीत बाबा दोर गुंडाळतात.
खाकी बाही कोपरापर्यंत दुमडलेली,
तोंडाजवळ फुगा, फुग्यात काहीच नाही.
ते बोलायचेच कमी. फुगा मात्र त्यांचाच,
इतका वाकडा दुसऱ्या कुणाला शोभला नसता.

पाचवीत दोर.
अर्धा गुंडाळलेला.
एवढंच.

रंगवायला काव घेतली,
देवळाच्या भिंतीवरची, तांबडी.
दुसरा रंग लावून बघितला, खोटा बोलला.

पणजीचा छापणारा रेगो म्हणाला,
"एक चौकट राहिली का गो?
माणूस होता, मग नाही. मधलं कुठाय?"
मी म्हटलं, दोन चौकटींमध्ये
करंगळीच्या नखाएवढी पांढरी फट आहे ना,
तिथं.
तो हसला. शंभर प्रतींचा दर सांगितला.

खरं तर मी ते काढलं होतं.
अकरा वेळा.
दर वेळी चित्र सुंदर आलं,
म्हणून फाडलं.

आईनं पान जेवणाच्या टेबलावर पसरलं.
चष्मा सापडेना, माझाच घातला.
तांदूळ निवडावेत तशी
एकेक चौकट बघून पुढं सरकली,
कुठून कुठं जायचं ते सांगावं लागलं नाही.
नदीवर बोट बराच वेळ होतं,
पलीकडे पोचायला लागतो तेवढा.
मग चौथी.
मग बोट थांबलं
कोऱ्या कागदावर, फटीत.

"हांगा तो खोंकलो," ती म्हणाली.
"दोन फावटीं. मागीर म्हाका उलो मारलो."

हे मला माहीत नव्हतं.
ती डबा घेऊन धक्क्यावर होती.
मी दिवाडीच्या काठावर, पाठीला दप्तर,
फेरी का येत नाही म्हणून चिडलेली.

सहावी चौकट अजून व्हायचीय.
फेरी परत निघते, मी तिला सांगते,
दोर दुसराच कुणी सोडतो.
ती चष्मा काढत नाही.
"पेद्रू आशिल्लो. लुंगी न्हेसून.
खाकी काडूं नाका."