प्रीसेट: स्लो

जेल रोडवर लोकवानी म्हणाला,
ग्राफिक्स कार्ड घेऊन जा भिया,
तीन तासांचं लग्न
पोहे खाऊन येईस्तोवर तयार.

घेतलं. हप्त्यांवर.
आणि खरंच, पोह्यांवर जिरावन पडतंय तोवर
नव्वद टक्के.

जुना प्रोसेसर रात्रभर घोंघावायचा,
आठही कोअर शंभरावर,
मागच्या गरम वाऱ्यावर हेमलता
पोराचे मोजे वाळत घालायची.

परवा वैशंपायनांचं लग्न तपासत होतो.
पलासियाचा हॉल, शेवटचं सावधान,
अक्षता उडाल्या
आणि पडद्यावर नुसते चौकोन,
पिवळट, भिजलेल्या पोळीसारखे.
कार्ड घाईत होतं.
एकेक तांदूळ कोण बघत बसणार?

बिटरेट वाढवला. परत वाढवला.
फाईल फुगली, पेनड्राइव्हला पुरेना.

शेवटी तेवढे बावन्न सेकंद कापून
जुन्यासमोर ठेवले. प्रीसेट स्लो.
बाकी सगळं, बँड, बुफे,
जिलबीच्या रांगेतले साडू,
कार्डानं उरकावं.

रात्री एकला सराफ्यातून भुट्ट्याचा कीस घेऊन आलो.
एकेचाळीस टक्के.
मोजे पुन्हा तिथेच टांगलेले.

सकाळी पाहिलं:
नवरीच्या कपाळावरून एक दाणा घरंगळतो,
मुंडावळीच्या मोत्यांत अडकतो.
तिला पत्ता नाही.
नवरदेव मात्र त्याच्याकडेच बघतोय,
हात अर्धा उचललेला,
काढू की नको.

लोकवानीला यातलं काही सांगणार नाही.
अकरा हप्ते बाकी आहेत.